नागीण सुकल्यावर

"दाखव."

सुपरवायझर एवढंच म्हणाला. पॅकिंगची सगळी लाइन थांबली होती. मी पाठ वळवली आणि कुर्ता वर उचलला. बरगडीखाली फोडांचा पट्टा, त्यावर आईनं लावलेला गेरू. नागिणीचं तोंड शेपटीला भिडू नये म्हणून आमच्या गावी, ठाणाकुशनूरला, गेरू लावतात.

तो हसला. "देव काढून फोटो बदलले, तरी तुमी लोकं काय सुधरायले न्हाईत."

आम्ही बौद्ध. बिदरजवळच्या कोळारच्या त्या शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक. मला राग यायला हवा होता. आला नाही. आत काहीच हललं नाही. कुर्तासुद्धा शेजारच्या अक्कानं खाली ओढला.

कोरोनाच्या तापानंतर मी अशीच झाले होते. ताप उतरला, अंगातलं बळ काही परत आलं नाही. केस विंचरले तरी दम लागायचा. खोके चिकटवताना बसायला स्टूल मागितलं की उत्तर ठरलेलं, "सोंग करायलीस." त्यामुळं फोड उठले तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. दाखवायला काहीतरी मिळालं.

बिदरच्या डॉक्टर बाईंनी गेरू हळूच पुसून काढला.

"लहानपणी कांजण्या झालत्या?"

"व्हय."

"तोच विषाणू. आपण बरे होतो, तो जात न्हाई. नसांत झोपून राहतो. अंग कमजोर झालं की उठतो."

"मग थकवा बी त्याच्यामुळंच?"

"असे झोपलेले आणखी विषाणू असतात. तेच उठून थकवा आणतात का, ते अजून शोधायलेत. पक्कं सांगता येत न्हाई. पण तुमी सोंग करायले न्हाईत."

गोळ्यांबरोबर मी ते वाक्य घरी आणलं.

नागीण सुकली. थकवा तसाच. आज उभ्याउभ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी रिकाम्या क्रेटवर बसले. सुपरवायझर आला.

"आता कुठाय तुजी नागीण? दाखव."

सगळे बघायला लागले. माझा हात आपोआप कुर्त्याकडं गेला. मग थांबला.

"न्हाई दाखवणार."

"कामून?"

"अंग माझं हाय. त्रास व्हायलाय म्हणलं, तेवढं बास."

"उठ म्हणायलोय ना!"

मी उठले नाही. हातातला खोका बसूनच चिकटवला, पुढचा ओढला. उद्या कामावर घेतील की नाही, माहीत नाही. घेतलं तर बसूनच करीन. आणि मी खरी आहे हे पटवायला कुर्ता पुन्हा कुणापुढं उचलणार नाही.