पहिली भाकरी

आमच्या भागावर राज्य निजामाचं होतं, इंग्रजांचं नाही. तरी मला धाक इंग्रजांचाच. दहावीला इंग्रजीत दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा निघालो आणि पुढं आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. हे मी आजही छाती काढून सांगतो. कॉलेजसाठी गंगापूरहून सकाळची एसटी धरायचो, तेव्हा तव्यावरची पहिली भाकरी आई मला द्यायची. पुढं नोकरी लागली, आम्ही शहरात, मुकुंदवाडीत राहायला आलो, पण ते तिनं कधी मोडलं नाही.

मग इंग्लंडला शिकायला गेलेला धाकटा भाऊ तिथंच लग्न करून इंग्रज बायकोला घेऊन घरी यायचा झाला.

आठ दिवस माझी तयारी चालली होती. काटे-चमचे आणले, ब्रेड आणला. आईला बजावलं, "तिखट अजिबात नको. त्यांच्यात चालत नाय." आरशासमोर पाच वाक्यं पाठ केली. दारात भावजयीनं हात जोडून काहीतरी विचारलं. मी "येस" म्हणालो.

भाऊ हळूच म्हणाला, "दादा, चपला कुठं काढू म्हणतीय ती."

पाचही वाक्यं तिथंच गेली.

भावजय सरळ स्वयंपाकघरात जाऊन आईच्या परातीशेजारी मांडी घालून बसली. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. तरी तिचं चालूच, तेही मराठीत. "पीठ लई मळावं लागतंय बघ बाई, नायतर कडंला चिरा पडत्यात." भावजय मान हलवायची, आई हसायची. आणि डिग्रीवाला मी चमचे हातात धरून दारात उभा.

पहिली भाकरी टम्म फुगली. आईनं ती भावजयीच्या ताटात टाकली, वर ठेचा. पहिल्याच घासाला भावजयीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण ती खात राहिली.

"आई, तिला नाय झेपायचं," मी म्हणालो.

"झेपतंय की. तुझ्या का पोटात दुखायलंय?"

भाऊ खदखदून हसला. इंग्रजांनी कुठून कुठून काय काय नेलं ते मी पुस्तकात वाचलं होतं. माझ्या घरातून ते हे नेतील असं वाटलं नव्हतं.

दुसरी भाकरी माझ्या ताटात आली. पापुद्रा छान सुटला होता. एरवी मी तसं आईला सांगतो. त्या दिवशी खाली मान घालून गप जेवलो.