आक्कांची फ्रेंच लावणी

भुकूमच्या आक्का भाताची लावणी फ्रेंचमध्ये करायच्या. बांधावरून जाणारे थबकून हसायचे. आक्का मान वर करत नसत.

मी त्यांची भाडेकरू, मूळची लातूरची. त्यांच्या वरच्या खोलीत बसून ऑनलाइन फ्रेंच शिकवायची. आक्कांचा मुलगा फ्रान्समध्ये, सून तिकडचीच. पाच वर्षांच्या नातीला, इराला, मराठीचा गंध नव्हता. फोनवर आजी दिसली की ती आईच्या मागे लपायची. जुलैअखेर ती येणार असं कळलं, तेव्हा आक्का माझ्या उंबऱ्यात येऊन बसल्या.

"बाई, पोर मला बघून लपतीया. हितं आल्यावरबी लपली, तर मी काय करू? तुजी वाट बघत व्हते, येवढंच तिच्या भाषेत सांगायचंय मला."

फ्रेंचमध्ये ते होतं, ज तातांदे. वाक्य एवढंसं, पण क्रियापदाच्या त्या रूपाचा आक्कांच्या जिभेवर पार गुंता व्हायचा. शेवटी मी वर्गातली युक्ती काढली. तोडून म्हणा : ज, ता, तां, दे. 'तां' नाकातून, 'दे'वर जरासा जोर.

"व्हय, लावल्यावानी म्हनायचं," आक्का म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी खाचरात उतरल्या. वाक्याचा एक तुकडा, एक रोप, एक पाऊल मागे. लावणी मागे सरतच करतात, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. "जीभ चुकंल, हात न्हाई चुकायचा," असं त्या मला ठणकावून सांगायच्या.

इरा आली ती बापाच्या पायाला चिकटूनच. ओसरीवर आक्का तिच्यासमोर गेल्या आणि सवयीनं कमरेत वाकल्या. "ज," म्हणाल्या आणि एक पाऊल मागे सरल्या. "ता." आणखी एक. माझा जीव टांगणीला लागला. इतके दिवस वाट बघणारी आजी नातीपासून लांब चालली होती. मी हाक मारणार, तेवढ्यात पोरीनं बापाचा पाय सोडला. बोललेलं कळलं की खेळ वाटला, देव जाणे. "तां," आक्का मागे, इरा पुढे. "दे"ला आक्कांची पाठ भिंतीला टेकली आणि पोर त्यांच्या कुशीत शिरली.

"चुकलं का गं, बाई?" नातीच्या डोक्यावरून त्यांनी मला विचारलं. मला रडू आवरेना.

आक्का मागच्या हिवाळ्यात गेल्या. ते वाक्य मी अजून शिकवते, उभी राहून. स्क्रीनवरची मुलं विचारतात, मॅडम, तुम्ही मागे का जाताय?

कुणीतरी पुढे यावं म्हणून, मी सांगते.