लालपेन आजींची खिडकी

चौतीस वर्षं छापखान्यात बसून एखाद्या बाईने दुसऱ्यांच्या चुका काढल्या, तर तिचा स्वभाव कसा होईल? तुम्ही म्हणाल, खडूस. पण तसं काही झालं नाही. लालपेन आजी बोलायला गोड होत्या, हसायला मोकळ्या होत्या. फक्त त्यांच्यासमोर कुठलाही छापील कागद ठेवायची सोय नव्हती. विजेचं बिल असो की औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, त्यांचा हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडे जायचा.

छापखान्यात त्यांचं काम होतं प्रूफं तपासायचं. छापण्याआधीचा कच्चा कागद यायचा आणि त्यातली एकेक चूक हुडकून काढायची. या कामातली गोम अशी, की मजकुराच्या अर्थात जीव गुंतला की चूक हातातून निसटते. म्हणून आजी अर्थ बाजूला ठेवून वाचायच्या. पुठ्ठ्याच्या तुकड्याला मधोमध एका ओळीएवढी चीर पाडलेली असायची. तो कागदावर ठेवायचा आणि ओळीओळीने खाली सरकवायचा, म्हणजे डोळे इकडेतिकडे भरकटत नाहीत. याला त्या ‘खिडकी’ म्हणायच्या. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की छापखाना बंद होत असल्याची नोटीस तपासायला आली तेव्हा आजींनी तिच्यातले दोन स्वल्पविराम दुरुस्त केले, खाली सही ठोकली आणि चहाला गेल्या. तिथे सगळ्यांचे रडवेले चेहरे बघून विचारतात कशा, काय झालं, कोण गेलं?

तर अशा या आजी घरी बसल्या आणि दोन महिन्यांत कंटाळल्या. गल्लीच्या टोकाला प्राथमिक शाळा होती. तिथल्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकेला, वर्षअखेरच्या चाचणीची तयारी करून घ्यायला माणूस हवं होतं. ही चाचणी म्हणजे सगळ्या शाळांना एकच पेपर, एकच वेळ, तासाभरात चाळीस प्रश्न, चार उत्तरांतल्या बरोबर उत्तराचा गोल पेन्सिलने काळा करायचा. चोवीस बरोबर आले की पुढच्या वर्गात. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर नकाशांच्या खोलीत बसायचं ठरलं. सहा मुलं, तीन बाकं, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेले जुने नकाशे आणि एक करकरणारा पंखा. पहिल्याच दिवशी आजींनी मुलांना वचन दिलं, की तुमच्या कागदावर मी लाल पेन चालवणार नाही. मुलांनी त्यांचं नाव लालपेन ठेवलं ते त्यानंतर. मुलांचं हे असंच असतं.

त्या सहांत तिसरीतली एक मुलगी होती. तिला वर्गात गोगलगाय म्हणायचे. हुशार होती हो, पण संथ. आदल्या वर्षी चाळीसपैकी एकोणीसच प्रश्न तिने सोडवले होते आणि एकोणीसच्या एकोणीस बरोबर. मोठ्या बाईंनी तेव्हा सांभाळून घेतलं होतं, पण यंदा तसं करता येणार नाही असं तिच्या आईला स्पष्ट सांगितलं होतं. नापास झाली तर तिसरी पुन्हा. आणि तिची धाकटी बहीण होती दुसरीत. ही धाकटी म्हणजे तोंडाची तोफ. ती रोज जेवताना म्हणायची, ताई, पुढच्या वर्षी आपण एकाच बाकावर बसू, मी तुला सांगत जाईन. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला खरंच आनंद होत होता. पण थोरलीचा घास तोंडातच फिरायचा.

आजींनी दोन दिवस त्या मुलीला नुसतं बघितलं आणि तिचं दुखणं ओळखलं. पोरीला पान उघडलं की सगळे प्रश्न एकदम दिसायचे. पहिला सोडवताना डोळे सातव्यावर, सातवा सोडवताना अकराव्यावर, मग पुन्हा मागे जाऊन पहिला तपास. आजींनी घरी जाऊन नवा पुठ्ठा कापला आणि या वेळी एका प्रश्नाएवढी चीर पाडली. खिडकी हातात आली आणि गोगलगाय चालायला लागली. आधी सव्वीस प्रश्न, मग एकतीस, मग चौतीस. तिने खिडकीच्या कडेला निळ्या स्केचपेनने पडदे काढले. आजींना त्या पडद्यांचं इतकं कौतुक, की भाजीवाल्यालासुद्धा सांगून झालं.

चाचणी सोमवारी होती. आदल्या शुक्रवारी मोठ्या बाई नकाशांच्या खोलीत डोकावल्या, त्या पुठ्ठ्याकडे बघून जागच्या जागी थांबल्या आणि म्हणाल्या, हे काय आहे? आजींनी हौसेने सगळं समजावून सांगितलं. मोठ्या बाईंचा चेहरा पडला. चाचणीला पेन्सिल आणि खोडरबर याशिवाय काहीही आत नेता येत नव्हतं. देखरेखीला माणसं बाहेरून येणार होती, त्यामुळे बाईंच्या हातात काहीच नव्हतं. नियमांची नोटीस आठ दिवसांपासून सूचनांच्या फळ्यावर होती. आणि बाई जरा चाचरतच म्हणाल्या, की आजी, ती तर तुम्हीच तपासून दिली होती.

खरं होतं ते. नोटीस लागली त्याच दिवशी आजींनी वाचली होती, आणि चौथा नियम चुकून दोनदा छापलाय हे मोठ्या दिमाखाने बाईंच्या कानावर घातलं होतं. बाईंनी आभार मानून नवी प्रत लावली होती. तो दोनदा छापलेला चौथा नियम हाच होता. पेन्सिल आणि खोडरबर. आजींनी तो एकदा नाही, दोनदा वाचला होता, शब्द न् शब्द ताडून पाहिला होता, आणि त्यात लिहिलंय काय हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

मुलगी उठली. तिने खिडकी वहीत ठेवली, वही दप्तरात ठेवली आणि खाली मान घालून निघून गेली. आजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून चुका सुटल्या नव्हत्या असं नाही, पण त्या कागदावरच्या. ही चूक एका लेकराच्या वाट्याला आली होती. स्वतःचाच इतका राग आला त्यांना, की लाल पेन उचलून त्यांनी कपाटात मागे टाकून दिलं.

शनिवारी सकाळी त्या मुलीच्या घरी गेल्या. घर म्हणजे पुढे कपडे इस्त्री करायचं दुकान आणि मागे एक खोली. आई टेबलापाशी उभी राहून शर्टांचा ढीग उपसत होती. तिने आजींना स्टूल दिलं आणि काम चालूच ठेवलं. धाकटीने आल्या आल्या सांगून टाकलं, की ताई कालपासून कुणाशी बोलत नाहीये, माझ्याशीसुद्धा नाही. थोरली कपड्यांच्या गाठोड्याला टेकून बसली होती.

आजींनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, “चूक माझी आहे. तुझी अजिबात नाही.”

मुलीने वर बघितलं. “तुम्ही नोटीस वाचली नव्हती?”

“वाचली होती. दोनदा.”

“मग कळली कशी नाही?”

आजींनी तिला छापखान्याच्या नोटिशीची गोष्ट सांगितली. स्वल्पविराम, सही, चहा, रडवेले चेहरे, सगळं. आई इस्त्री उचलून धरून हसायला लागली. धाकटी तर लोळायचीच बाकी होती. थोरलीच्या ओठांच्या कडासुद्धा हलल्या. मग ती आईच्या हातांकडे बघत बसली. आई शर्टाची कॉलर टेबलावर पसरायची, डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी फाकवून कापड ताणून धरायची आणि तेवढ्याच जागेवर इस्त्री फिरवायची, मग बोटं पुढे. मुलगी उठली, सरावाचा पेपर घेऊन आली, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि आपला डावा हात त्यावर तसाच फाकवून ठेवला. वर तर्जनी, खाली अंगठा, मधे एक प्रश्न.

आजी स्टुलावरून उठून तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. हाताला कोण अडवणार होतं? पण सवय नव्हती. पहिल्या खेपेला जेमतेम बावीस प्रश्न झाले, अंगठा सरकवताना दोनदा प्रश्न गाळला गेला. रविवारी आजी पुन्हा आल्या. त्या दिवशी धाकटी घड्याळ धरून बसली, आणि ताईचा एकोणतिसावा प्रश्न झाल्यावर तिनेच आरडाओरडा केला. एका बाकावर बसायचं स्वप्न मोडीत निघतंय हे तिच्या गावीही नव्हतं.

सोमवारी आजी शाळेच्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर तासभर बसून होत्या. समोर कुणीतरी कसलीशी जाहिरात चिकटवली होती. तिच्यात किती चुका होत्या हे आजींनी बघितलंसुद्धा नाही. मुलगी बाहेर आली ती डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पेन्सिलीच्या शिशाने काळी करून. आठ प्रश्न राहिले, एवढंच ती म्हणाली. म्हणजे बत्तीस सोडवले. त्यातले चोवीस बरोबर यायला हवेत. आजी मनातल्या मनात ही वजाबाकी तीन आठवडे करत राहिल्या.

निकाल लागला त्या दिवशी आजी सगळ्यांच्या आधी फळ्यापाशी पोचल्या. नुसते बैठक क्रमांक, त्यापुढे गुण आणि पुढचा वर्ग. त्यांनी चष्मा सावरला. गुणांचा रकाना जरा तिरका गेला होता. सतराव्या क्रमांकापुढचं टिंब निसटलं होतं. तळाची रेघ अर्धीच छापली होती. भीतीपोटी त्या एकेक अंक नीट तपासत होत्या आणि मजकूर काही केल्या आत जात नव्हता.

कुणीतरी पदर ओढला. मुलगी शेजारी येऊन उभी होती. तिने अजून फळ्याकडे बघितलं नव्हतं, ती आजींच्या तोंडाकडे बघत होती.

“आजी,” ती हळूच म्हणाली, “चुका नका बघू. काय लिहिलंय ते वाचा.”

आजींनी डावा हात उचलला. अंगठा आणि तर्जनी फाकवून त्यांनी तो यादीवर टेकवला आणि तिचा क्रमांक मधे येईपर्यंत खाली सरकवला. मग त्यांनी ती एक ओळ मोठ्याने वाचली. सत्तावीस गुण, इयत्ता चौथी. वाचून झाल्यावर त्यांना ती पुन्हा एकदा वाचावीशी वाटली, म्हणून त्यांनी पुन्हा वाचली.