‘परत या’ शिकवणारे वैजनाथ सर

आमच्या केंद्रात आतलं बाहेर जाऊ द्यायचं न्हाय, अशी वैजनाथ सरांची सक्त ताकीद हाय. म्हणून त्या परंड्याकडच्या बाईचं नाव मी सांगणार न्हाय. पण सरांचा आवाजच असा खणखणीत, की ते आत पोरींना शिकवतेत अन् बाहेर दारापाशी चहापाणी बघणारी मी, दैवशाला, अर्धी मानसतज्ज्ञ झाले. त्याला मी काय करू?

सर मूळ येरमाळ्याचे. वीस वर्षं झाली, धाराशिवात शिकाऊ मानसतज्ज्ञांना तयार करतेत. पोरगी पेशंटशी बोलते, त्याची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करते, अन् सोमवारी सर ते ऐकून तिची बिनपाण्यानं करतेत. “इथं घाई केलीस. इथं सल्ला दिलास. सल्ले द्यायला गावात शेजारी आहेत की!” पेशंट गप झाला तर पोरगी किती वेळ गप राहिली, ते घड्याळ लावून मोजतेत. स्वतःला मात्र चहा दोन मिनिटं उशिरा आला तर गप राहवत न्हाय!

दोन वर्षांमागं त्यांच्या घरच्या, गायत्रीताई, गेल्या. चौदाव्या दिवशी सर कामावर हजर. कुणी विषय काढला की “मी बरा आहे” म्हणायचे अन् लाल पेन शोधायला लागायचे.

तर ती बाई. तिचा तरणा ल्योक गेलेला. तीन महिने तोंडातनं शब्द न्हाय, पुढं भाकरी ठेवली तर नुसती बघत बसायची. लेकीनं कशीबशी धरून आणली. आमच्या हर्षालीपुढं, म्हंजे सगळ्यात नव्या पोरीपुढं, ती चक्क बोलली. ल्योकाचं नाव घेतलं. हर्षाली लई हरखली. पण पुढच्या गुरुवारी बाई आली न्हाय. त्याच्या पुढच्याही न्हाय. हर्षालीचं तोंड एवढंसं झालं. “ती जेवत असेल का हो, मावशी?” एवढंच विचारायची.

सरांनी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. चूक काय सापडंना. मी चहा ठेवत होते. शेवटाला हर्षालीचा गोड आवाज आला, “पुढच्या गुरुवारी नक्की परत या हं.”

मी बशी आपटलीच. “अगं बाई! दुखवट्याच्या माणसाला ‘परत या’ म्हणतेत व्हय? मयताच्या घरनं निघताना आपण ‘येतो’ तरी म्हणतो का? परत असंच दुःख घेऊन ये, असं झालं की ते!”

हर्षाली रडकुंडीला आली. “पण सरांनीच शिकवलंय, शेवटी ‘परत या’ म्हणायचंच.”

सरांनी लाल पेन खाली ठेवलं. मी मनात म्हणलं, आता बोला की! येरमाळ्याच्या माणसाला एवढं कळू नये? पण सरांनी नुसतं रेकॉर्डिंग बंद केलं.

त्याच दिवशी हर्षालीनं त्या लेकीला फोन लावला. चुकलं म्हणाली. अन् सांगितलं, “आईंना सांगा, दर गुरुवारी मी इथं असते.”

गुरुवारी अकराच्या एसटीनं बाई आली. दार लागलं. थोड्या वेळानं आतनं हंबरडा आला. तीन महिन्यांचं रडणं होतं ते. सर बाहेर नोटीस बोर्ड वाचत उभे. त्यावर एकच कागद, तोही गेल्या सालचा.

मग माझ्या बाकड्यावर येऊन टेकले. “मला माहीत होतं हो, दैवशालाबाई, तसं म्हणत नाहीत ते. गायत्री गेली तेव्हा सगळं गाव येऊन गेलं. रिवाजाप्रमाणं ‘येतो’ न म्हणता उठून गेले. आणि परत कुणीच आलं नाही. म्हणून पोरींना शिकवलं, ‘परत या’ म्हणा.”

खोटं कशाला बोलू, माझ्या जिभेवर चार सल्ले आले होते. गिळले. गप बसले. सरांनी घड्याळ बघितलं न्हाय. चहा गार झाला.

ते उठले तवा म्या एवढंच म्हणलं, “सर, मी रोज इथं असते.”

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला सर आपली खुर्ची सोडून बाकड्यावर येऊन बसले.