बिंदग्यावरचं राहिलेलं पान

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर बेंबळीची गाडीवाट आहे. थंडीची सकाळ, दोन्ही बाजूंना पोटऱ्यात आलेली ज्वारी, आणि डावीकडून एकामागून एक प्रवेश करणारी माणसं. आज येळवस आहे. आमच्याकडं पौषाच्या तोंडाशी येणाऱ्या या अमावस्येला गावं ओस पडतात, दारांना कुलपं लागतात आणि सगळी माणसं शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभारून तिथं जेवायला बसतात. पुढं चालणाऱ्या कर्त्या माणसाच्या डोक्यावर ताकातल्या आंबिलीचं मातीचं बिंदगं असतं. ते चुन्यानं पांढरं केलेलं असतं आणि त्यावर कावेची, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाची, वेल काढलेली असते. एक बिंदगं गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. सगळ्यांच्या गळ्याभोवती तीच लालसर वेल, गावातल्या म्हाताऱ्या हरणाबाईच्या हातची.

मग सिद्रामप्पा आले. गावातले जुने भुसार व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे, चाल राजासारखी. त्यांच्या डोक्यावरचं बिंदगं कोरं होतं. नुसता चुना. मागं त्यांची बायको गिरिजाबाई शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं घेऊन, तिच्यामागं मुलगा महांतेश, आणि सगळ्यात शेवटी सून शिवलीला. तिनं पदर इतका पुढं ओढला होता की वाटेवरचा दगड तिला दिसत होता की नाही, कोण जाणे. बघितलं सगळ्यांनीच.

हा प्रवेश मी रंगमंचावर कधी केला असता तर प्रेक्षक म्हणाले असते, एका मडक्यावर वेल नाही म्हणून एवढं काय? म्हणून आधीचा अंक सांगायला हवा.

शिवलीला लग्न होऊन या गावात आली ती अक्कलकोटच्या बाजूची. बोलताना मधेच कानडी शब्द टाकते आणि मग स्वतःच हसते. चित्रकलेच्या दोन परीक्षा शाळेत दिलेल्या, पुढं शिक्षण थांबलं. नवरा ढोकीला साखर कारखान्यावर नोकरीला. हंगामात तो घरी असून नसल्यासारखाच. या रिकाम्या वेळात तिनं आधी मोबाइलवर बोटानं, मग महांतेशनं आणून दिलेल्या टॅबवर चित्रं काढायला सुरुवात केली. मी त्यांच्या गल्लीतच राहतो. आयुष्य नाटक कंपनीत, तोंडाला रंग लावण्यात गेलेलं, म्हणून रंगांबद्दल काही विचारायचं तर ती माझ्याकडं यायची.

एकदा ती म्हणाली, काका, मला लायसन्सिंगमध्ये उतरायचंय. मला वाटलं, गाडी चालवायला शिकणार. ती इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. मग तिनं समजावलं. चित्र विकायचं नाही, ते चित्रकाराचंच राहतं. कंपनीला फक्त वापरायची परवानगी द्यायची, अमुक वस्तूंवर, अमुक मुदतीपर्यंत. वस्तू विकल्या की त्यातला थोडा हिस्सा आपल्याला. मला ते चटकन कळलं, कारण आमच्या धंद्यातही तेच होतं. नाटक लेखकाचं, कंपनी प्रयोग लावणार, आणि दर प्रयोगाला लेखकाचं मानधन काढून ठेवणार. मी म्हणालो, म्हणजे तू प्रयोगाची परवानगी देणार. तेव्हापासून आम्ही दोघं त्याला प्रयोगच म्हणायचो.

सुरुवात सोपी नव्हती. तिनं मोर पाठवले, कोयऱ्या पाठवल्या, कमळं पाठवली. कुणी उत्तरच देईना. शेवटी पुण्याच्या एका कंपनीतल्या बाईंनी कळवलं की मोर आमच्याकडं रोज येतात. एकटं चित्रही नको, एकमेकांना शोभतील अशा चित्रांचा संच हवा, आणि त्यात तुमच्याकडचं काहीतरी दिसू द्या. तिनं महिनाभर कामं आटोपून दुपारी बसून येळवस काढली. कोप काढली, कोपीत पुजायचे चुना लावलेले पांडवांचे दगड काढले, हरभऱ्याचे घाटे काढले. आणि बिंदगं काढलं, त्यावरच्या वेलीसकट.

बाईंनी संचातून ती वेलच उचलली, चहाच्या ट्रेवर छापायला.

आता त्या वेलीबद्दल. हरणाबाई गावाच्या कडेला राहते, एकटी. येळवशीच्या आधी सगळ्या घरांची बिंदगी तिच्या अंगणात येतात. ज्वारीच्या ताटाचं टोक चेचून त्याचा कुंचला करते आणि गळ्याभोवती वेल फिरवते. वेल पुरी होत आली की एक पान सोडून देते. ते पान शेतात, पूजा झाल्यावर, घरच्या बाईनं चुन्याच्या बोटानं काढायचं. बेंबळीबाहेर मी हे कुठं पाहिलं नाही. शिवलीलानं लग्न झाल्यापासून दर वर्षी ते पान स्वतःच्या बोटानं काढलं होतं.

पुण्याच्या बाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं की वेलीत एका जागी पान नाही, ते चुकून राहिलंय की मुद्दाम? शिवलीला म्हणाली, "मुद्दाम. ती माझी पद्धत आहे."

हे तिनं मला नंतर सांगितलं, मान खाली घालून. तोंडातून शब्द गेला आणि पाठीवर कुणीतरी गार पाणी ओतावं तसं झालं, म्हणाली. पण पलीकडून बाईंचा आवाज खुलला. त्यांना ती पद्धतच आवडली होती. करारात चित्र स्वतःचं असल्याचं लिहून द्यायचं होतं, तिनं दिलं. हात माझाच चालला होता ना, असं तिनं तेव्हा मनाला सांगितलं होतं. आणि वेल काय, गावात सगळ्यांच्याच घरी आहे.

ट्रे छापून आले. पांढऱ्या ट्रेवर कावेच्या रंगाची वेल, मागं बारीक अक्षरात शिवलीलाचं नाव. सिद्रामप्पांचं समाधान काय सांगावं. नफ्यातोट्याचा हिशोब करण्यात जन्म गेलेला माणूस, पण त्या दिवशी नवरदेवाच्या बापासारखा गावभर फिरला. घरोघरी ट्रे वाटले. सून घरात म्हणत होती, मामंजी, राहू द्या. त्यांना वाटलं, लाजतेय.

एक ट्रे त्यांनी हरणाबाईला नेऊन दिला. मी बरोबर होतो. हरणाबाईनं तो हातात घेतला, उन्हात धरला आणि विचारलं, कुणी काढलं म्हणता? सिद्रामप्पा छाती फुगवून म्हणाले, आमच्या शिवलीलानं. हरणाबाई म्हणाली, असं व्हय. मग बाजूच्या वाटीत बोट बुडवून तिनं मोकळ्या जागेवर एक पान काढलं. गुळगुळीत ट्रेवर चुना धरेना, ओघळला.

"पान शेतात काढायचं असतंय, अप्पा," ती म्हणाली. "ह्यो ट्रे कुठल्या शेतात जायचा?"

सिद्रामप्पा हसले. मला हसू आलं नाही.

येळवशीला चार दिवस उरले आणि बिंदगी परत यायला लागली. सिद्रामप्पांचं आलं ते नुसतं पांढरं. त्यांना वाटलं म्हातारी विसरली, म्हणून ते स्वतः घेऊन गेले. ती इतर बिंदग्यांवर कुंचला फिरवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या घरी छापील हाय की. आमचं हातचं कशाला पायजे?"

एवढंच. पण व्यापाऱ्याच्या कानाला एवढं पुरतं. घरी येऊन त्यांनी सुनेला समोर बोलावलं आणि विचारलं की वेल कुणाची? शिवलीलानं पदर पुढं ओढला. त्यांना कळलं. महांतेश म्हणाला, त्यात काय, शिवलीलालाच काढू द्या, कुणाला फरक कळणाराय. अप्पांनी बिंदगं उचलून देवळीत ठेवलं. "न्हाय," ते म्हणाले. "जसं आलंय तसंच जाईल. म्याच नेणार."

आणि म्हणून ती सकाळ, ती गाडीवाट, तो कोरा प्रवेश.

येळवशीला कुणाच्याही शेतात कुणीही जेवावं, अशी आमची रीत. मी त्यांच्या कोपीत बसलो होतो. पूजा झाली. गिरिजाबाईंनी दर वर्षीच्या सवयीनं चुन्याची वाटी सुनेपुढं सरकवली. तिनंही सवयीनं बोट बुडवलं. आणि मग दोघींच्याही ध्यानात आलं की पान काढायला जागाच नाही. वेलच नव्हती, तर राहिलेलं पान कुठलं असणार? शिवलीला तशीच बसून राहिली, बोटावरचा चुना वाळेपर्यंत. गिरिजाबाईंनी हळूच वाटी मागं घेतली आणि सगळ्यांना आंबील वाढायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली. म्हणाली, काका, तुमच्या कंपनीत दुसऱ्याचं नाटक कुणी आपल्या नावानं लावलं तर काय व्हायचं? मी सांगितलं की जाहिरातीवर नाव बदलता येतं, पण पहिल्या रांगेत लेखक येऊन बसला की नटाची वाक्यं पळतात. ती म्हणाली, पहिल्याच रांगेत बसलीय हो. मग माझ्यासमोरच तिनं पुण्याला फोन लावला.

तिनं आडपडदा ठेवला नाही. ती पद्धत माझी नव्हती, मी खोटं बोलले, असं सरळ सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या की दोनच वाटा आहेत. त्या आजींची परवानगी घ्या, त्यांचं नाव घाला, त्यांना हिस्सा द्या. नाहीतर आम्हाला हे छापणं थांबवावं लागेल. बाईंच्या आवाजात राग नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

ती हरणाबाईकडं गेली. एकटीनं जायचा धीर होईना म्हणून मला दारापर्यंत नेलं. अंगणात उभं राहून तिनं सगळं सांगितलं, माफी मागितली, नाव आणि हिस्सा दोन्ही पुढं ठेवलं. हरणाबाई तांदूळ निवडत होती. मला वाटलं होतं, म्हातारी विरघळेल; आमच्या नाटकात विरघळली असती. ती म्हणाली, "पोरी, आधी इचारायचं असतंय. आता म्या व्हय म्हणलं, तर पयल्यापासनंच व्हय म्हणल्यागत व्हईल."

शिवलीला म्हणाली, "मग मी काय करू, मावशी?"

"म्या काय सांगू? तुझं तू बघ."

ट्रे थांबले. दुकानांत गेलेले तेवढे विकले गेले, नवे छापले नाहीत. त्यानंतर तिनं पुण्याला दोन संच पाठवले. त्यांचं उत्तर आलं नाही. दुसरीकडं पाठवायचं तर आधीचं काम काय असं विचारतात, आणि दाखवायला तिच्याकडं तेवढं एकच होतं. ज्या दारातून आत जायला तिला वर्षं लागली, ते तिनं स्वतःच ओढून घेतलं होतं. गावात कुणी तिला टाकून बोललं नाही. सिद्रामप्पांनीही पुढं विषय काढला नाही. पण किराणा आणायला ती मागच्या बोळानं जायची, आणि कुणाच्या घरी चहा त्या ट्रेमधून आला की कप उचलायच्या आधी तिचे डोळे ओले व्हायचे.

चित्रं मात्र थांबली नाहीत. कारखान्याला निघालेले उसाचे ट्रॅक्टर ती काढायला लागली आहे, मागं झेंडे, गोंडे आणि लटकवलेल्या चपलांसकट. मला दाखवते आणि आधीच सांगते की हा माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे, हा गोंडा मात्र फलाण्या ड्रायव्हरनं केलेला, त्याला विचारलंय. मी म्हणतो, अगं, मला हिशोब नको देऊ. ती देतेच.

यंदा येळवशीच्या आधी मी हरणाबाईच्या अंगणावरून चाललो होतो. आत बिंदग्यांची रांग वाळत होती आणि त्यांच्यामध्ये शिवलीला बसली होती, कोपरापर्यंत पांढरी. ओट्यावर म्हातारी कुंचला चेचत होती. माझ्याकडं बघून तिनं नुसती मान हलवली. कधीपासून येतेस, असं मी विचारलं, तर शिवलीला म्हणाली की परवा आपणहून आले, मावशी ये म्हणाल्या नाहीत आणि जाही म्हणाल्या नाहीत. सिद्रामप्पांचं बिंदगं रांगेत सगळ्यात शेवटी होतं. यंदा त्यावर वेल येणार का, ते विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते ओळखलं. हातातलं बिंदगं फिरवून एक राहिलेली जागा चुन्यानं भरली आणि हळू आवाजात म्हणाली,

"वेलीचं अजून इचारलं न्हाय, काका. आधी चुना नीट लावते."