घाटाच्या तिसऱ्या पायरीपाशी

त्या तीस वह्या आजही आठवतात, आणि आठवल्या की राग येतो तो चोराचा नाही, माझा स्वतःचा. चोर तर त्या प्रकरणात नव्हताच.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका लहान गावी ठाणेदार होतो. थंडीचे दिवस. सोमवारी सकाळी हजेरी आटोपून रोजनामचा चाळत होतो, तोच नदीकाठच्या एका खेड्याचे पोलीस पाटील आले. वर्धेच्या घाटावरच्या त्यांच्या देवळातली देवी नाहीशी झाली होती. मूर्ती वीतभर दगडाची, शेंदूर-तेल चोपडलेली, पण सगळ्या गावाचा जीव तिच्यात. गुरव पाहुणा म्हणून बाहेरगावी गेलेला. रविवारी परत येऊन पाहतो, तर आसन रिकामं.

"शनिवारी शाळेच्या पोरी आल्या होत्या सायेब," पाटील आवाज खाली करून म्हणाले. "कौंडण्यपूरले जाता जाता आमच्या घाटावर थांबल्या. संगं एकटी मास्तरीण. टेप धरून देऊळ मोजून राहिली होती. काहून मोजत असन, सांगा बरं?"

मलाही सांगता येईना. आणि जे मला समजत नाही ते संशयास्पद, अशी त्या वयात माझी पक्की समजूत होती.

आमच्याच गावातली मुलींची शाळा. बाई तिशीतल्या, पती वारलेले, घरी अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले सासरे. दोघांचं पोट बाईंच्या नोकरीवर. इतर शाळांची सहल म्हणजे देवदर्शन, डबे आणि परत. या बाई मात्र मुलींना पायी फिरवत, गावकऱ्यांना प्रश्न विचारायला लावत आणि दिसेल ते वेळेसकट वहीत लिहून घेत. मी शाळेत जाऊन सातवीच्या तीसच्या तीस वह्या जप्त केल्या.

वह्या उघडल्या आणि माझी खात्रीच पटली. प्रत्येकीत देवळाचा नकाशा. दार किती हात, भिंत किती जाड, घाटाच्या पायऱ्या किती. एकीने तर लिहिलं होतं, 'दाराला कडी आहे, कुलूप नाही.' माझ्या जमादाराने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं.

बाईंना ठाण्यात बोलावलं. शाळेच्या वेळेत, व्हरांड्यातल्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा बसवून ठेवलं. हे मी मुद्दाम केलं. लोकांच्या नजरेने माणूस लवकर मऊ पडतो, असा माझा अनुभव होता. बाई पदर सावरून ताठ बसल्या आणि मऊ काही पडल्या नाहीत.

"देऊळ कशाला मोजलंत?" मी विचारलं.

"मुलींना माप शिकवायला. पुस्तकातून शिकवलं की त्यांना नदी म्हणजे निळी रेघ वाटते, साहेब. नदी पाहायला नदीवरच जावं लागतं."

"आणि कुलूप नाही, हेही शिकवायचं होतं?"

"दिसेल ते लिहायचं, एवढाच माझा नियम आहे. तुम्ही पंचनाम्यात दुसरं काय करता?"

हे मला झोंबलं. गाभाऱ्यात कोणी गेलं होतं का, असं विचारलं तर म्हणाल्या, "गुरव नव्हता, म्हणून मी एकीलाही आत जाऊ दिलं नाही. मूर्ती होती की नव्हती, आम्हाला माहीत नाही." मला ते सोयीचं उत्तर वाटलं. दुसऱ्या दिवशीही मी त्यांना त्याच बाकावर बसवलं. संध्याकाळी शाळेच्या कमिटीचा निरोप आला. गुरुवारी बैठक आहे, तोवर बाईंवरचा आळ दूर झाला नाही तर त्यांना कामावरून कमी करणार. तरीही मला काही वाटलं नाही. उलट तोवर गुन्हा कबूल करून घ्यायचा, असं मी मनाशी ठरवलं.

बुधवारी सकाळी टिपण लिहायला बसलो आणि वह्या पुन्हा एकदा वाचल्या. शब्दन् शब्द, पहिल्यांदाच. एका मुलीच्या वहीत देवळाच्या आधीचं पान होतं, ते मी दोनदा उलटून पुढे गेलो होतो. 'सकाळी आठ. आम्ही आत्ताच आलो. घाटाच्या तिसऱ्या पायरीपाशी पाण्यावर तेलाचे गोल आहेत आणि शेंदरी रंग आहे. बाईंना कारण विचारले. बाई म्हणाल्या, दिसले ते लिही, कारण नंतर शोधू.'

मी लहानपणी विषमज्वराने पडलो होतो, तेव्हा आईने देव्हाऱ्यातले देव पाण्याने भरलेल्या घागरीत बुडवून ठेवले होते. लेकरू उठेल तेव्हाच देव बाहेर निघतील, असं तिचं देवाशी भांडण. ही आमच्याकडची घरोघरची रीत. आणि मी वऱ्हाडातच वाढलेला माणूस तीन दिवस चोर शोधत होतो.

तासाभरात घाटावर पोचलो. पाटील आणि दोन पंच बरोबर. जमादार बूट काढून पाण्यात उतरला आणि तिसऱ्या पायरीखाली हात घालून लाल फडक्यात बांधलेली देवी वर काढली.

एवढ्यात मागून कोणीतरी हंबरडा फोडला. पाटलांची आई होती.

"काढू नोका हो सायेब! नऊ दिस बोलली मी तिले, अजून चार दिस हायेत!" म्हातारीची मुलगी मूर्तिजापूरला सासरी होती. दोन बाळं जन्मताच गेलेली, तिसऱ्या वेळी दिवस भरत आलेले. घरचे देव दोनदा पाण्यात ठेवून उपयोग झाला नव्हता, म्हणून यंदा गावची देवी.

पाटलांनाही हे आत्ताच कळत होतं. मी म्हातारीला विचारलं, "बोलली का नाहीस? एका बाईवर आळ आला, ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. पन सांगतलं का नवस तुटते. माह्या लेकीपुढं मले दुसरी कोनी दिसेच ना, बाबू."

तिच्यावर मला रागावता आलं नाही. पंचनामा पुरा केला, आणि देवी पुन्हा पाण्यात ठेवायला जमादाराला सांगितलं. कायद्यात हे कुठेच बसत नव्हतं. पुढे त्या मुलीला मुलगा झाला आणि जगला, असं पाटलांनी कळवलं.

गुरुवारी मी स्वतः कमिटीपुढे जाऊन बाई निर्दोष असल्याचं लिहून दिलं. अध्यक्षांनी कागद वाचला. "चोरीचं मिटलं, साहेब. पण दोन दिवस ठाण्यात बसलेली बाई मुलींना घेऊन गावोगाव फिरणार, हे पालक ऐकणार नाहीत." नोकरी राहिली, सहली कायमच्या बंद झाल्या. त्या चोरीमुळे बंद झाल्या नव्हत्या. माझ्या बाकामुळे झाल्या.

वह्या परत करायला गेलो तेव्हा मी माफी मागितली. बाईंनी वह्या मोजून घेतल्या. "तीस आहेत," एवढंच म्हणाल्या आणि वर्गात गेल्या.

त्यानंतर मी कोणालाही व्हरांड्यात बसवलं नाही, आणि कागद वाचल्याशिवाय माणसावर बोट ठेवलं नाही. पण हे शिकायला किंमत दुसऱ्याने मोजली, ही गोष्ट काही बदलत नाही. काही वर्षांनी त्याच गावी माझी पुन्हा बदली झाली आणि माझी धाकटी मुलगी त्याच शाळेत जाऊ लागली. एकदा ती जिल्ह्याचा नकाशा रंगवत होती. मी सहज विचारलं, "वर्धा नदी खरी कशी दिसते गं?"

"निळी," ती म्हणाली.

घाट तिथून जेमतेम आठ मैलांवर होता. बाई तेव्हाही त्याच शाळेत, चार भिंतींत भूगोल शिकवत होत्या. आपल्याला नदी का दाखवली नाही, हे माझ्या मुलीने कधी विचारलं नाही, आणि मीही ते तिला आजतागायत सांगितलेलं नाही.