महाराजांना इतिहास वाचून दाखवताना

शाळेत इतिहास शिकवायला लागलो त्याच वर्षी मला संध्याकाळचं एक काम मिळालं. काशीत बालाजी घाटाच्या वर, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, एक महाराज भाड्याच्या घरात राहायला आले होते. दक्षिणेतल्या एका लहान मराठी संस्थानाचे ते राजे. राज्यकारभार नीट चालवला नाही असा ठपका ठेवून इंग्रज सरकारने त्यांना गादीवरून उतरवलं आणि इथे पाठवलं. ठपका कितपत खरा होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते स्वतः एवढंच म्हणायचे, "चुका केल्या मी. पण तेवढ्या चुका करून गादीवर बसलेले पुष्कळ आहेत."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. इंग्रजी पुस्तकं मराठीत सांगत वाचून दाखवील असा माणूस त्यांना हवा होता. माझे वडील पंचगंगा घाटावर वेद शिकवत. निरोप त्यांच्याकडे आला आणि त्यांनी मला पाठवलं.

पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा महाराज नदीकडच्या खिडकीजवळ बैठकीवर बसले होते. पन्नाशीचे असतील, पण मान थोडी पुढे झुकलेली. दाराशी त्यांचा म्हातारा हुजऱ्या उभा होता. संस्थानातून त्यांच्याबरोबर आलेला तो एकटाच. थंडी होती. मी म्हटलं, "हवा फार चालते आहे महाराज, खिडकी लावू का?"

ते हसले. "हवा चालते? आमच्याकडे वारा सुटतो, मास्तर."

"आम्ही पाच पिढ्या इथले, महाराज. घरात मराठी बोलतो, पण बाहेरची हिंदी आत येतेच."

"येऊ द्या. निदान बोलता तरी." मग त्यांनी मला बसायला सांगितलं. "मला राजांचे इतिहास वाचून दाखवा. सगळ्या देशांचे. एकच अट आहे. वाईट काही आलं तर गाळू नका. गोड करून सांगणारी माणसं माझ्याकडे पुष्कळ होती."

म्हणून मी शाळेच्या कपाटातली जाडजूड पुस्तकं घेऊन जाऊ लागलो. रोमचे, इराणचे, रशियाचे, इंग्लंडचे राजे. मला वाटलं होतं, लढाया ऐकायला आवडतील. पण लढाई आली की ते नदीकडे बघत बसायचे. राजा हरला, पकडला गेला किंवा मेला की तेवढं ऐकायचे आणि विचारायचे, "मुलाचं काय झालं?"

दोन-तीन राजे झाल्यावर हा प्रश्न का येतो ते हुजऱ्याने मला जिन्यात सांगितलं. महाराजांना एकच मुलगा होता. राणीसाहेब बाळंतपणातच गेल्या, तेव्हा मूल बापाच्या अंगाखांद्यावर वाढलं. महाराजांना गादीवरून काढलं तेव्हा बाळराजे पाच वर्षांचे होते. सरकारने गादी मुलाच्या नावे ठेवली, कारभार आपल्याकडे घेतला आणि मुलाला एका इंग्रज शिक्षकाच्या हाती दिलं. बापाची सावली पडू नये म्हणून भेट बंद केली. "निघालो त्या दिवशी पोर झोपलेलं होतं," हुजऱ्या म्हणाला. "महाराजांनी उठवू दिलं नाही."

त्यानंतर मला वाचणं जड जाऊ लागलं. पण अट होती.

इंग्लंडच्या ज्या राजाचं डोकं प्रजेने उडवलं, त्याचा मुलगा पुढे परत येऊन गादीवर बसला, हे ऐकून त्यांनी हुजऱ्याला चहा आणायला सांगितला. आग्र्याच्या किल्ल्यात मुलाने कोंडून ठेवलेल्या बादशहाची गोष्ट आली तेव्हा मला वाटलं, आता त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "मोठी मुलगी शेवटपर्यंत जवळ होती ना त्याच्या? मग तो माझ्यापेक्षा बरा." दिल्लीच्या शेवटच्या बादशहाचं पान आल्यावर मात्र त्यांनी हात वर केला. "ते मला ठाऊक आहे. पुढे चला."

आणि मग एका संध्याकाळी फ्रान्सचा तो बादशहा आला, ज्याला इंग्रजांनी समुद्रातल्या बेटावर नेऊन ठेवलं. महाराज खूप वेळ ऐकत होते. बेट केवढं, पाणी गोडं होतं का, बोलायला कोण होतं, असं विचारत होते. शेवटी तो प्रश्न आला. मी वाचलं तसं सांगितलं. मुलाला त्याच्या आजोबांच्या दरबारात परक्या देशात वाढवलं. बापाची भाषा मागे पडावी म्हणून दुसरी भाषा शिकवली. बापाचं नाव त्याच्यासमोर घेत नसत. तो ऐन तारुण्यात छातीच्या रोगाने गेला.

"बापाची भाषा विसरला तो?"

"पुस्तकात तसं स्पष्ट नाही, महाराज. लपून बापाबद्दल वाचायचा, असं आहे."

"लपून," ते म्हणाले. "बरं झालं. आज एवढं पुरे."

त्या आश्विनात ते मला म्हणाले, "रामनगरची रामलीला पाहायची आहे." त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या इंग्रज साहेबाची परवानगी मिळाली आणि आम्ही नावेने पलीकडे गेलो. तिथे काशीचे राजे हत्तीवर बसून लीला पाहतात. आम्ही लोकांत जमिनीवर बसलो, कुणी ओळखलं नाही. रावणवधाची वेळ आली तसा राजांचा हत्ती वळला. महाराजांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "राजाने राजाचा मृत्यू पाहू नये म्हणतात, म्हणून ते थांबत नाहीत."

"मग आपण थांबू या," ते म्हणाले. "मला चालतं." रावण पडेपर्यंत ते मांडी घालून बसून राहिले.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली. महाराज तिच्यासाठी खडीसाखर देत, कधी तिला मांडीवर घेऊन खिडकीतून नावा दाखवत. मग एका हिवाळ्यात बातमी आली. बाळराजे वयात आले होते, त्यांना अधिकार मिळाले होते, आणि कलकत्त्याला जाता जाता ते काशीत उतरून वडिलांना भेटणार होते.

मी महाराजांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी घर धुवून घेतलं. माझ्या बायकोला निरोप पाठवून गुळाच्या पोळ्या करायला सांगितल्या, कारण लहानपणी बाळराजे त्या तुपात बुडवून खायचे. मला म्हणाले, "तुम्ही हजर राहा, मास्तर. तो इंग्रजी बोलला तर मला सांगा. जसंच्या तसं."

आदल्या दिवशी सरकारचा एक अधिकारी येऊन गेला. चांगल्या शब्दांत त्याने सांगितलं की चिरंजीव आता राज्यकर्ते आहेत, आणि आपण खासगी गृहस्थ आहात. तेव्हा ते येतील तेव्हा आपण दाराशी उभं राहून त्यांचं स्वागत करावं आणि ते बसल्यावर बसावं. मी हे मराठीत सांगितलं. महाराज म्हणाले, "त्याला सांगा, मी रात्रभर उभा राहीन."

सकाळी बाळराजे आले. उंच, गोरे, दाढीमिशी काढलेली, पायात विलायती बूट. अधिकारी मागे होता. महाराज दाराशी उभे होते आणि त्यांचे हात नकळत पुढे आले होते. बाळराजे त्या हातांसमोर थबकले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आपली प्रकृती कशी आहे?"

"छान आहे," महाराज म्हणाले. "तुमची?"

बाळराजांनी मान हलवली. सगळे बसले. महाराज बोलू लागले. प्रवास, थंडी, घोड्यावर बसता का, अजून उजव्या कुशीवर झोपता का. मुलगा ऐकत होता, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. गुळाच्या पोळ्या समोर आल्या तेव्हा अधिकाऱ्याने हळूच नको म्हटलं, बाहेरचं खायला डॉक्टरांची मनाई होती. ताट तसंच राहिलं. थोड्या वेळाने बाळराजे अधिकाऱ्याकडे वळून इंग्रजीत काही बोलले.

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाला?"

तेव्हा मला पहिल्यांदाच काहीतरी गोड करून सांगावंसं वाटलं. पण त्यांचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. मी म्हटलं, "आता निघायचं का, असं विचारतायत."

"हो, उशीर झाला असेल," ते म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी उठून उभे राहिले. बाळराजे दारापर्यंत गेले. तिथे वळले. आता वाकतील, असं मला वाटलं, हुजऱ्यालाही वाटलं असावं, कारण तो बाजूला सरला. पण त्यांनी हात जोडले आणि ते जिना उतरून गेले.

महाराज खिडकीपाशी जाऊन बसले. मी पुस्तक उघडलं तर म्हणाले, "वाचू नका आता. सगळे राजे झाले." त्यानंतरही मी रोज जात राहिलो, नुसता बसायला. कधी माझी मुलगी बरोबर असायची. ते कधी आपल्या पूर्वजांबद्दल बोलत, कुणी तळं बांधलं, कोण शिकारीला गेला तो परत आला नाही. पुढच्या थंडीत ज्वराचं निमित्त झालं आणि ते गेले. संस्थानाला तार केली. उत्तर आलं, पण माणूस वेळेत पोहोचण्यासारखं नव्हतं. मणिकर्णिकेवर हुजऱ्याने अग्नी दिला. तो घाटावर रडत नव्हता, फक्त पुन्हा पुन्हा विचारत होता, "मास्तर, माझा हात चालतो का हो याला?" माझे वडील म्हणाले, "चालतो."

खूप वर्षांनी एका दुपारी आमच्या दाराशी एक गृहस्थ आले. साधा कोट, बरोबर कुणी नाही. मी ओळखलं नाही. त्यांनी अडखळत मराठीत सांगितलं तेव्हा कळलं, ते बाळराजे होते. ते बसले आणि वडिलांबद्दल विचारू लागले. मी जे होतं ते सांगितलं, इतिहासाचं वाचन, रामनगर, पोळ्या. अर्धं त्यांना समजत नव्हतं, तिथे मी इंग्रजीत सांगत होतो. शेवटी ते इंग्रजीत म्हणाले, "मी त्यांच्याशी एकच वाक्य बोललो."

"हो."

"मला मराठी येत नव्हतं. विसरलो होतो सगळं. ते वाक्य गाडीत पाठ केलं होतं. त्यांनी उलट विचारलं, तेव्हा मला पुढचं काहीच येत नव्हतं. आणि पाया पडायचं होतं, पण राज्यकर्ता कुणापुढे वाकत नाही असं सांगून ठेवलं होतं. जितका वेळ बसलो असतो तितकी माझी हिंमत गेली असती, म्हणून निघायचं का विचारलं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांना ते कळलं?"

"मी शब्द सांगितले," मी म्हटलं. "त्यामागचं मला ठाऊक नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंचगंगेवर गेलो. त्यांना श्राद्ध करायचं होतं. माझे वडील तेव्हा हयात नव्हते, त्यांचे एक शिष्य विधी सांगायला बसले. त्यांनी बाळराजांना त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव विचारलं. बाळराजांना वडिलांचं तेवढं सांगता आलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "इंग्लंडचे राजे मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहेत, मास्तर. शिकवले होते."

महाराजांकडून ती नावं मी कितीतरी वेळा ऐकली होती. मी एकेक नाव सांगत गेलो, ते मागून म्हणत गेले. उच्चार चुकला की थांबून पुन्हा म्हणत. पिंड नदीत सोडल्यावर ते ओल्या पायरीवरच बसून राहिले, मोठ्या माणसासारखे नाही, पाय पाण्यात सोडून. मी शेजारी बसलो. ऊन चढेपर्यंत आम्ही तिथेच होतो. दुपारच्या गाडीने ते गेले, आणि पुन्हा कधी काशीला आल्याचं मी ऐकलं नाही.